कुत्र्याच्या ताटात काय वाढावं?

आजचा विषय घरातला, रोजचा आहे. घरी पाळलेल्या कुत्र्याला खायला काय घालावं? आणि विकतचं खाद्य आणायचं झालं, तर त्यातलं चांगलं कोणतं हे ओळखायचं कसं?

या प्रश्नाची दोन टोकं एकाच गावात बघायची असतील, तर पुणे जिल्ह्यातल्या पासलीसारख्या गावाकडे बघावं. वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या वाटेवर हे गाव लागतं. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं, तरी बोलण्यात अजून वेल्हेच येतं. भातखाचरं, उतारावर नाचणी आणि वरई, आणि पावसाळ्यात दिवसच्या दिवस न थांबणारा पाऊस. अशा डोंगरकपारीच्या गावात कुत्रा शोभेसाठी नसतो. गोठ्याची राखण, रात्री रानडुकराची नाहीतर बिबट्याची चाहूल देणं, गुरांबरोबर रानात जाणं ही त्याची कामं. त्याचा पगार म्हणजे संध्याकाळचा भाकरतुकडा आणि पातेल्याला लागलेला भात. आता या बाजूला शहरातल्या मंडळींनीही जागा घेतल्या आहेत. त्यांच्या गाडीतून लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड उतरतो आणि मागोमाग गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्राचं खाद्याचं पोतं उतरतं.

भाकरी घालणाऱ्याला वाटतं, आपल्या आज्यापणज्यांपासून कुत्री याच्यावरच जगली, मग अडचण काय? पोतं आणणाऱ्याला वाटतं, सगळ्यांत महाग आणलं म्हणजे सगळ्यांत चांगलंच असणार. दोघांचंही म्हणणं थोडं खरं आहे आणि बरंच अपुरं आहे. कसं, ते बघू.

आधी कुत्र्याचं पोट समजून घेऊ. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याला मांसच हवं, धान्य त्याचं अन्नच नव्हे, असं पुष्कळजण सांगतात. हे खरं नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज नावाचं विकर तयार करण्याचं जे जनुक असतं, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात मात्र त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे माणूस शेती करू लागला, त्याच्या दारात धान्य आलं आणि ते पचवायला कुत्र्याचं शरीरही हळूहळू तयार झालं. तेव्हा भाकरी आणि भात कुत्र्याला नीट पचतात, याबद्दल शंका नको. प्रश्न आहे तो एवढाच, की तेवढं पुरतं का?

हिशेबच करू या. आपला गावठी कुत्रा, वयात आलेला, वजन पंधरा किलो. त्याला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात. त्याबरोबर पस्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम लागतं. आता त्याला तांदळाच्या चार भाकऱ्या आणि पेलाभर दूध घातलं असं धरू. भाकऱ्यांना दोनशे ग्रॅम पीठ लागलं. कॅलरी झाल्या आठशेच्या वर, म्हणजे पोट भरलं. प्रथिनं मात्र एकवीस-बावीस ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्मी. आणि कॅल्शियम जेमतेम पाव हिस्सा, तेही जवळजवळ सगळं दुधातलं.

तांदळाऐवजी नाचणीची भाकरी असेल तर? नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात ते नावापुरतंच. तेव्हा नाचणीने कॅल्शियमची बाजू पुष्कळ सावरते, जरी त्यातलं सगळंच अंगी लागत नसलं तरी. प्रथिनांची तूट मात्र जिथल्या तिथेच राहते. म्हणजे भाकरीवरचा कुत्रा उपाशी नसतो, पण अर्धपोटी मात्र असतो. पोट भरलेलं आणि शरीर अपुरं, अशी त्याची गत होते. केस राठ होतात, जखमा लवकर भरत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात.

तूट भरून काढायला मोठा खर्च लागत नाही. तेवढ्याच कुत्र्यासाठी दीडशे ग्रॅम तांदूळ किंवा नाचणी, शंभर ग्रॅम कोंबडीचं मांस, एक उकडलेलं अंडं, चमचाभर तेल आणि मूठभर शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर असं दिवसभराचं अन्न दोन वेळांत विभागून घातलं, की कॅलरी आणि प्रथिनं दोन्ही जागेवर येतात. कॅल्शियमसाठी अंड्याचं टरफल फेकू नये. ते धुऊन, उकळून, वाळवून त्याची अगदी बारीक पूड करावी. सपाट अर्धा चहाचा चमचा पुडीतून जवळपास एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर दोन-तीन अंडी, नाहीतर पनीर, दही आणि मऊ शिजवलेली डाळ यांवर भागवता येतं. मांजराला शाकाहारावर ठेवता येत नाही. कुत्र्याला काळजीपूर्वक ठेवता येतं.

नुसतं मांस घालणं हेही चुकीचंच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. वाढत्या पिल्लाला केवळ मांसभातावर ठेवलं, तर शरीर रक्तातली कमतरता भरून काढायला हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. पाय वाकडे होतात, साध्या उडीनेही हाड मोडतं. लोक म्हणतात, उन्हात बसवा, ड जीवनसत्त्व मिळेल. माणसाच्या बाबतीत हे बरोबर आहे. कुत्र्याची कातडी मात्र उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते त्याला अन्नातूनच मिळावं लागतं, म्हणजे अंड्यातून, मासळीतून, आठवड्यातून एक-दोनदा घातलेल्या काळजाच्या लहानशा तुकड्यातून. काळीज रोज मात्र नको. त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जाऊन त्रास होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरचं म्हणजे आपोआप संपूर्ण, असं समजू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्यातल्या पंच्याण्णव टक्के पाककृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी निघाला. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व अशा गोष्टी स्वयंपाकघरातल्या अंदाजाने पुऱ्या होत नाहीत. म्हणून कायम घरचंच घालायचं असेल, तर पशुवैद्याला विचारून जीवनसत्त्व-खनिजांची पूड त्यात मिसळावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे विचारता येतं. भोर-वेल्ह्याच्या लोकांना तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. १९८८ पासून ते तिथे आहे.

आता विकतच्या खाद्याकडे वळू. ही कल्पना काही कालची नाही. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटं काढली, तेव्हापासून हा धंदा सुरू आहे. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही हे खाद्य मिळतं. पण दुकानात गेल्यावर आपण बघतो काय? पोत्यावरचा तजेलदार कुत्रा, कोंबडीचा तुकडा आणि मोठ्या अक्षरातलं नाव. खरी माहिती असते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. चष्मा लावून तीच वाचावी.

पहिली गोष्ट, ते खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे की नुसतं ‘पूरक’ आहे, हे बघा. पूरक म्हणजे जेवणाबरोबरचा खाऊ. त्यावर कुत्रा पोसता येत नाही. दुसरी, ते कोणत्या वयासाठी आहे. पिल्लासाठीच्या खाद्यात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मानकाप्रमाणे पाण्याचा अंश वगळून वयात आलेल्या कुत्र्याच्या खाद्यात किमान अठरा टक्के आणि पिल्लाच्या खाद्यात किमान साडेबावीस टक्के प्रथिनं हवीत. मोठ्या जातीच्या पिल्लाला असं संपूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत. लहान वयात जादा कॅल्शियमचं शोषण आवरणं पिल्लाच्या शरीराला जमत नाही आणि हाडांची वाढ बिघडते.

तिसरी गोष्ट घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पण त्यातही मेख आहे. ताज्या कोंबडीचं वजन पाण्यासकट धरतात, त्यामुळे ती यादीत पहिली येते आणि पाणी उडाल्यावर प्रत्यक्षात बरीच कमी भरते. तसंच कोरडं आणि डब्यातलं ओलं खाद्य यांचे आकडे थेट ताडून बघू नयेत. कोरड्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के. ओल्या डब्यावर आठ टक्के प्रथिनं लिहिलेली दिसली आणि त्यात ऐंशी टक्के पाणी असलं, तर उरलेल्या वीस भागांत आठ भाग प्रथिनं झाली, म्हणजे चाळीस टक्के.

चौथी गोष्ट, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि तक्रारीसाठी फोन. आपला २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा माणसाच्या अन्नासाठी आहे. जनावरांचं खाद्य त्याच्या व्याख्येत येत नाही. बिस्किटाच्या पुड्यामागे त्या कायद्याचा जो पहारा असतो, तो इथे नाही. म्हणून विचारणा आपणच करायला हवी. फोन करून विचारा, की हे खाद्य कोणी आखलं, आहारतज्ज्ञ पदरी आहे का, प्रत्येक खेपेची तपासणी होते का? नीट उत्तर देणारी कंपनी आणि टाळाटाळ करणारी कंपनी यांतला फरक लगेच कळतो.

महागाचं म्हणाल, तर किंमत किलोवर बघू नका, दिवसावर बघा. समजा, एका खाद्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आहेत. आपल्या पंधरा किलोच्या कुत्र्याला ते दिवसाला दोनशे चाळीस ग्रॅमच्या आसपास लागेल, म्हणजे दहा किलोचं पोतं चाळीस दिवस जाईल. पोत्याच्या किमतीला चाळिसाने भागा. स्वस्त खाद्यात कॅलरी कमी असतील तर ते जास्त घालावं लागतं आणि बचत तिथेच संपते. उलट, महागडं पोतं घेऊन वर चार पोळ्या आणि बिस्किटं घातली, तर ज्या संतुलनासाठी पैसे मोजले तेच आपण बिघडवतो.

काही पोत्यांवर ‘धान्यविरहित’ असं मिरवलेलं असतं. धान्य कुत्र्याला पचतं हे आपण पाहिलंच. शिवाय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली एक चौकशी सुरू केली होती. वाटाणा, मसूर अशा कडधान्यांवर किंवा बटाट्यावर आधारलेलं धान्यविरहित खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये हृदय फुगण्याचा विकार आढळला होता. नेमकं कारण सिद्ध झालं नाही, पण एवढं खरं, की नुसतं ‘धान्य नाही’ म्हणून जादा पैसे मोजायचं कारण नाही.

आता पासलीसारख्या गावात सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती म्हणजे बुरशी. आषाढ-श्रावणात जिथे अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे उघडं पोतं कोरडं कसं राहणार? दमट धान्यावर, शेंगदाण्यावर, मक्यावर एक बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालतं आणि शिजवल्याने, भाजल्यानेही पुरतं जात नाही.

याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवर, पंचमहाल आणि बांसवाडा भागातल्या दीडशेहून जास्त खेड्यांत काविळीसारखा आजार पसरला. डोळे पिवळे, पोटात पाणी. जवळपास चारशे रुग्णांची नोंद झाली आणि त्यातली १०६ माणसं दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका हे कारण निघालं. आणि ऐका, या आजाराने माणसांबरोबर तिथली कुत्रीही पडली होती. कारण उघड आहे. जे घरात शिजलं, तेच त्यांच्याही पुढ्यात पडलं. पुढे अमेरिकेत २००५ साली आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस विकतच्या खाद्यात हेच विष सापडलं, कुत्री मेली आणि खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. म्हणजे गरिबाचा मका असो की कारखान्यातलं पोतं, बुरशी दोघांनाही सोडत नाही.

म्हणून पावसाळ्यात लहान पिशवी घ्या, जी तीन-चार आठवड्यांत संपेल. दुकानात उघड्या पोत्यातून तोलून मिळणारं सुटं खाद्य घेऊ नका. ते कधीचं आहे, कोणत्या कंपनीचं आहे, काहीच कळत नाही. घरी आणलेली पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. ओला हात आत घालू नका. कुबट वास आला, दाणे चिकटले, तर ते टाकून द्या. आणि बुरशी आलेली भाकरी, खवट झालेले शेंगदाणे ‘कुत्र्याला चालतात’ म्हणून पुढे करू नका. त्याचं यकृत आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचं नाही.

दुसरी सवय याहूनही घातक आहे. जत्रेत, सणात बकरं कापलं, की नको असलेलं काळीज, फुप्फुस, आतडी कच्चीच कुत्र्यांपुढे फेकली जातात. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या फोडांसारख्या गाठी दिसतात. त्या एका फीतकृमीच्या असतात. कच्चं खाल्लं, की तो कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर येतात आणि मुलांच्या हातावाटे पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशीच गाठ वाढते. तिला हायडॅटिड म्हणतात. ती वर्षानुवर्षं कळत नाही आणि कळते तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते. कुत्रा मात्र वरून धडधाकट दिसतो. उपाय साधा आहे. असे अवयव खोल पुरून टाका किंवा जाळा, मांस शिजवूनच घाला आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला नेमाने जंताचं औषध द्या.

काही वस्तू मात्र कुत्र्याच्या ताटात नकोतच. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ त्याला विषासारखे. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रश्श्याचा एखादा घास जीव घेणार नाही, पण रोज भातावर रस्सा ओतणं बरं नव्हे. शिजलेली हाडं फुटून काट्यासारखी टोकं निघतात आणि आतडं फाडतात. दूध सगळ्याच कुत्र्यांना सोसत नाही. पातळ होत असेल तर दही किंवा ताक द्यावं. आणि पाणी, स्वच्छ आणि भरपूर. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

शेवटी मापाचं. आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह करून वाढणं. कुत्र्याच्या बाबतीत ते प्रेम त्याचं आयुष्य कमी करतं. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कमी खाणारी कुत्री साधारण तेरा वर्षं जगली, जास्त खाणारी अकरा वर्षांच्या थोडं वर. संधिवातही त्यांना उशिरा आला. म्हणून बरगड्यांवरून हात फिरवून बघा. बरगड्या डोळ्यांना दिसायला नकोत, पण हाताला सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर घास कमी करा. खाद्य बदलायचं असेल तर एकदम बदलू नका. आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा.

आणि निवडलेलं खाणं चांगलं की वाईट, याचा निवाडा जाहिरात करत नाही. तो कुत्राच करतो. विष्ठा बांधीव आणि थोडी, केस चकचकीत, वजन स्थिर, चालण्यात उमेद असेल तर खाणं जमलं. मग ते पोत्यातलं असो की चुलीवरचं. राखणीला बसलेल्या त्या जीवाला आपल्या घरातलं उरलेलंसुरलेलं नको असं नाही. त्याला आपण स्वतः खाऊ शकू असं, ताजं आणि मोजून घातलेलं हवं. घरात जे कोणाच्या तोंडी घालवणार नाही, ते त्याच्या ताटातही पडू नये, एवढा एक नेम पाळला तरी पुष्कळ झालं.